सामान कोण बघणार?

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात एकदम चार-पाच घरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, की गल्लीला कळतं, आज मंडळी निघाली. एरवी रविवारी ही गल्ली आठ वाजल्याशिवाय डोळे उघडत नाही. पण महिन्यातला एक रविवार असा येतो, की पुऱ्या तळल्याचा वास पहाटेच पसरतो आणि ओट्याओट्यांवर थर्मास, पाण्याच्या बाटल्या, सतरंजीच्या गुंडाळ्या दिसू लागतात.

ही मंडळी म्हणजे काही गिर्यारोहक नव्हेत. एक निवृत्त बँक अधिकारी, एक निवृत्त भूगोलाचे सर, दोघांच्या घरच्या, शेजारपाजारच्या वहिन्या, ताई आणि अकरावीतला एक मुलगा, ज्याला त्याची आजी कान धरून आणते. सुरुवात झाली ती बँकवाल्या काकांच्या साखरेमुळे. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. एकट्यानं चालायचा कंटाळा, म्हणून त्यांनी सरांना बरोबर ओढलं. दोघं भंवरताल बागेत घाण्याच्या बैलासारखे गोल गोल फिरू लागले. आठ-दहा महिन्यांनी सर वैतागले. म्हणाले, “या गावाला देवानं एवढ्या टेकड्या दिल्या, शेजारी नर्मदा दिली आणि आपण काय करून राहिलो? बाकाभोवती चकरा मारून राहिलो!”

त्यातून महिन्याची पायपीट सुरू झाली. २०२० साली टाळेबंदीत सगळे घरात कोंडले गेले आणि बाहेर पडल्यावर चालणाऱ्यांची संख्या पाचावरून अकरावर गेली. कोंडून ठेवल्याशिवाय माणसाला पाय आठवत नाहीत, हेच खरं.

पुण्या-मुंबईकडे डोंगर चढणं म्हटलं की सिंहगड, राजमाची, पाठीवर पिशवी आणि तरुण पोरं डोळ्यांपुढे येतात. जबलपूरकडे चालणं म्हटलं की आठवते ती नर्मदेची परिक्रमा. ती करायला वैराग्य हवं, तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस हवेत, अशी समजूत. पण याच शहरातले चित्रकार अमृतलाल वेगड यांनी ती समजूत मोडून काढली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले वेगड पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, १९७७ मध्ये, नर्मदाकाठानं चालायला निघाले, तेही एका दमात नाही. जमेल तेव्हा, जमेल तेवढं, मित्रांना सोबत घेऊन. २०१८ मध्ये ते गेले, पण त्यांची पुस्तकं दीक्षितपुऱ्यात अजून हातोहात फिरतात. सरांच्या घरची प्रत तर मधोमध उसवली आहे. तुकड्यातुकड्यानं चाललं तरी चालणंच असतं, हे धैर्य मंडळींना तिथून मिळालं.

मंडळींचा नियम एकच. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. हा नियम एका भांडणातून आला. एकदा सगळे तेवरहून, म्हणजे कलचुरी राजांच्या जुन्या त्रिपुरीहून, भेडाघाटला चालत निघाले. वाटेत एका वहिनींच्या टाचेला फोड आला. त्या मागे पडल्या. पुढची फळी धुवांधारला पोहोचली, फुटाणे खाऊन झाले, फोटो काढून झाले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की वहिनी नाहीत. सगळ्यात पुढे होते ते त्यांचेच यजमान! त्यानंतर दोन दिवस त्या घरात काय शिजलं, की काहीच शिजलं नाही, ते गल्लीला ठाऊक आहे. तेव्हापासून हळू चालणारा पुढे. बाकीच्यांनी मागून गप्पा मारत यायचं. सुरुवातीला बँकवाल्या काकांचे पाय शिवशिवत, पण आता सवय झाली.

जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीनंतरच्या रविवारी, मदनमहालच्या टेकड्या चढायचं ठरलं. किल्ला पाहायचा, शारदादेवीच्या देवळापाशी जेवायचं आणि पलीकडे संग्रामसागर तलावाकडे उतरायचं, असा बेत होता. आदल्या संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या घरातल्या काकू सरांच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “मी आले तर चालेल का?”

सरांच्या सौभाग्यवती पोळपाटावरून उठून बाहेर आल्या. कारण काकू कधी कुठे येत नसत.

काकू १९७८ साली लग्न होऊन अमरावतीहून दीक्षितपुऱ्यात आल्या. अमरावती आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्याच्याही आधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर होता. तेव्हा इकडच्या मुली तिकडे आणि तिकडच्या इकडे, हे जुनंच. काकूंचे यजमान खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. २०१६ मध्ये ते गेले. मुलगा पुण्यात, चांगल्या नोकरीत. पंचेचाळीस वर्षं काकू गच्चीवर पापड-कुरडया घालताना मावळतीला मदनमहालची टेकडी बघत आल्या होत्या. पण वर कधी गेल्या नव्हत्या.

असं कसं? अगदी सोपं आहे. पाहुणे आले की त्यांना टेकडीवर न्यायचं, भेडाघाटला न्यायचं, ही जबलपूरची रीत. काकू प्रत्येक वेळी जायच्या. पहाटे उठून डबे करायच्या, टांग्यात, पुढे रिक्षात बसायच्या आणि पायथ्याशी पोहोचलं की प्रश्न यायचा, “सामान कोण बघणार?” कुणी उत्तर देण्याआधीच काकू सतरंजी अंथरून बसलेल्या असायच्या. आधी मांडीवर नणंदेचं पोर, मग स्वतःचं, मग भाच्याचं. सगळे वर जाऊन यायचे, लाल चेहऱ्यानं, मोठमोठ्यानं बोलत. काकू पानं वाढायच्या. कुणी त्यांना वर जाऊ नका म्हटलं नव्हतं, हे खरं. आणि चला म्हटलं नव्हतं, हेही खरं. घरोघरी अशी एक काकू असते. फोटोत ती सापडत नाही, कारण फोटो वर काढलेले असतात.

आता जायचं कारण काकूंनी सांगितलं नाही. पण गल्लीत गुपित राहतं थोडंच! फेब्रुवारीत मुलगा येणार होता. घराचा दलाल दोनदा येऊन खोल्या मोजून गेला होता. काकू पुण्याला कायमच्या जाणार, हे त्यांच्या तोंडून सोडून बाकी सगळ्यांच्या तोंडून ऐकू येत होतं.

रविवारी सातला दोन ऑटोंत बारा माणसं कोंबली गेली. दमोह नाक्यापासून मदनमहालपर्यंतच्या उड्डाणपुलाचं काम तेव्हा चालू होतं (२०२५ मध्ये तो खुला झाला), म्हणून ऑटो गल्लीबोळांतून, चेरीताल, रानीताल अशी वळणं घेत निघाली. रानीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, अशी लोकांची सांगी आहे. राणीबरोबर दासीच्याही नावाचा तलाव असलेली गावं थोडीच असतील.

पायथ्याशी उतरल्यावर काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, एक सपाट दगड हेरला आणि सवयीनं म्हणाल्या, “मी बसते इथे. तुम्ही या जाऊन. सामान बघते मी.”

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग त्या टाचेच्या फोडवाल्या वहिनींनी मोठा डबा उचलून अकरावीतल्या मुलाच्या हातात दिला, स्टोव्हची पिशवी सरांच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाल्या, “आज सामान वर जाऊन राहिलं काकू. तुम्ही इथे बसून काय बघाल?”

आणि नियमाप्रमाणे काकूंना सगळ्यात पुढे उभं केलं. वाट ठाऊक नसलेलं माणूस वाटाड्या! “सरळ चला, चुकलात तर मागून सांगतो,” असा मागून पुकारा. सुनेचे जुने कॅन्व्हासचे बूट, नऊवारी नाही पण कॉटनची पाचवारी खोचलेली, हातात छत्रीची काठी. काकू चालू लागल्या. दहा पायऱ्या, थांबा. पुन्हा दहा पायऱ्या, थांबा. मागे अकरा जणांची आगगाडी.

वाटेत ती प्रसिद्ध शिळा लागते. एका प्रचंड दगडावर दुसरा प्रचंड दगड नुसता टेकलेला, टेकलाय तिथे हातभर जागा असेल नसेल. वारा आला तर पडेल असं वाटावं. सरांना इथे बोलल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, “हा ग्रॅनाइट. जमिनीच्या पोटात थिजलेला, शंभर कोटी वर्षांहून जुना. वरचे थर झिजून गेले तेव्हा उघडा पडला. भेगांतून पाणी शिरलं, कोपरे आधी झडले, म्हणून हे गोल गरगरीत धोंडे. लोकांना वाटतं कुणी राक्षसानं उचलून ठेवला. ठेवलेला नाही हो, हा उरलेला आहे.”

काकू शिळेला हात लावून उभ्या होत्या. त्यांना २२ मे १९९७ ची रात्र आठवली. मध्यरात्र उलटून गेली होती. भांडी फडताळातून कोसळली, यजमानांनी मुलाला उचलून अंगणात नेलं. सगळा दीक्षितपुरा रस्त्यावर. किल्लारीला चारच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात परतायचं धाडस कुणाला होईना. जबलपूर आणि आसपास तीसहून अधिक माणसं गेली, हजारो घरं फाटली. काकूंच्या माजघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. यजमानांनी स्वतः सिमेंट भरून तो बुजवला. रंग कितीदा दिला तरी ती रेघ वर येतेच. दलाल आला तेव्हा त्यानं नेमकी त्या रेघेवर नखानं टिचकी मारून पाहिली होती.

“आणि हा पडला नाही?” काकूंनी विचारलं.

“नाही. जागचा हलला नाही.”

काकूंनी आणखी एकदा हात फिरवला आणि पुढे निघाल्या.

मदनमहालचा किल्ला म्हणजे किल्ल्याच्या नावाला न शोभणारी छोटीशी दुमजली इमारत आहे. एकाच थोरल्या धोंड्याच्या माथ्यावर बसवलेली. गोंड राजा मदनशाहाचं नाव तिला चिकटलंय. टेहळणीची चौकी म्हणा, शिकारीचा वाडा म्हणा. रायगड-प्रतापगड पाहिलेला मराठी पाहुणा इथे आला की हमखास विचारतो, “एवढाच?” खाली नऊ लाखांचा ठेवा आणि सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत म्हणतात. ठेवा कुणाला मिळाला नाही, पण वरून जे दिसतं ते मात्र मिळतं. एका बाजूला सगळं जबलपूर आणि दुसरीकडे नर्मदेच्या दिशेनं पसरलेली जमीन. तिकडेच तिलवाराघाटाजवळ १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेस भरली होती. सुभाषबाबू तापानं फणफणलेले असल्यामुळे बावन्न हत्तींच्या रथातून त्यांचं छायाचित्रच मिरवलं गेलं. दीक्षितपुऱ्याजवळची कमानिया गेटची कमान त्याच अधिवेशनाची आठवण.

पण काकूंना त्यातलं काही बघायचं नव्हतं. त्या आपलं घर शोधत होत्या.

“ती पाण्याची टाकी दिसते का? तिच्या उजवीकडे बघा.”

“नाही, ते उपरैनगंज.”

“अहो, ते कुठलं, ते बलदेवबाग!”

शहराचा सगळा पसारा, पत्रे, गच्च्या, काळ्या टाक्या, मोबाइलचे मनोरे. अकरावीतल्या मुलानं फोनचा कॅमेरा जास्तीत जास्त मोठा करून पाहिला, पडद्यावर नुसते चौकोन आले. घरून ही टेकडी पंचेचाळीस वर्षं दिसत होती. टेकडीवरून घर काही सापडलं नाही. काकू हसल्या, म्हणाल्या, “म्हणजे मीच बघत होते इतकी वर्षं. ही काही मला बघत नव्हती.”

शारदादेवीच्या देवळाजवळ सतरंज्या पडल्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वांग्याचं भरीत. जानेवारीत जबलपूरच्या बाजारात मटारचे ढीग लागतात, म्हणून तीन घरांतून मटाराच्या करंज्या आल्या होत्या. कमानिया गेटजवळून आणलेल्या खव्याच्या जलेब्या होत्या. बँकवाल्या काकांनी तिकडे पाहायचं नाही असं ठरलं होतं. ते पाहत होते. त्यांच्या सौभाग्यवती त्यांना पाहत होत्या.

एवढ्यात काकूंचा फोन वाजला. पुण्याहून मुलाचा, चेहरा दिसणारा.

“आई, कुठे आहेस? मागे दगड कसले?”

“मदनमहालवर.”

“वर? अगं, गुडघे तुझे! कोण घेऊन गेलं?”

“कुणी नेलं नाही, मी आले. सगळ्यांच्या पुढे होते.”

मुलानं मग सांगितलं की आई, तू पुण्याला ये, मी तुला सिंहगडावर गाडीनं नेईन, अगदी वरपर्यंत गाडी जाते. काकूंनी फोन सरांकडे दिला आणि सरांना व्याख्यानाची संधी मिळाली. सिंहगडाचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तोच लाव्हा थेट इकडे जबलपूरपर्यंत पसरला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला बडा शिमला टेकडीच्या माथ्यावर तो आजही आहे. त्याच्या खालच्या थरात १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमनला, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या त्याच स्लीमनला, प्रचंड हाडं सापडली. पुढे १८७७ मध्ये त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव मिळालं. “तेव्हा तुमच्या आई बसल्यात तो दगड तुमच्या सिंहगडाचा पणजोबा आहे,” सरांनी समारोप केला. पुण्याकडून बराच वेळ आवाज आला नाही. बहुधा नेटवर्क गेलं होतं.

उतरताना खरी परीक्षा झाली. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. काकू दोनदा चक्क बसून घसरत उतरल्या आणि लाजल्या नाहीत. सीताफळीच्या झुडपांतून वाट खाली जात होती. संग्रामसागराचं पाणी मधूनमधून चमकत होतं. दुर्गावतीचे सासरे संग्रामशाह यांचा हा तलाव, काठावर बाजनामठ. अर्धी वाट उतरल्यावर काकू अचानक थांबल्या, मागे वळल्या आणि बोटानं मोजू लागल्या. एक, दोन, तीन...

“काय झालं काकू?”

“अकराच आहेत.”

“अहो, बरोबर आहे, आपण अकराच तर असतो.”

“तुम्ही अकरा. मी बारावी.”

बँकवाले काका नव्हते. ते शेवटी चालत होते आणि शेवटच्या माणसाच्या मागे कोण बघतं? मुलगा धावत वर गेला. दोन वळणं मागे काका एका दगडावर बसलेले होते, थंडीत घामानं भिजलेले, हात थरथरत होते. साखर उतरली होती. सकाळची गोळी घेतली होती, जेवण मात्र जलेबीच्या भीतीनं दोन पुऱ्यांवर आटोपलं होतं. हाक मारायची लाज वाटली म्हणे. माणसं काय काय लाजतात!

काकूंनी कमरेची पिशवी सोडली. पंचेचाळीस वर्षं सामान सांभाळलेल्या बाईच्या पिशवीत काय नसतं? सुपारी, बँडेज, सेफ्टी पिना, लवंग आणि पुडीत खडीसाखर. त्यांनी ती काकांच्या तोंडात घातली, वर थर्मासातला गोड चहा पाजला, आणि सगळे तिथेच बसून राहिले. पंधरा मिनिटांनी काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग त्यांना पोटभर खायला घातलं, त्यात जलेबीचा एक तुकडा होता. त्यावर त्यांच्या सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. फक्त डोळे पुसत होत्या. उरलेली वाट काका सगळ्यात पुढे चालले आणि काकू सगळ्यात मागे. म्हणाल्या, “इथून सगळे दिसतात.”

त्या दिवसापासून नियमाला शेपूट जोडलं गेलं. हळू चालणारा पुढे, मोजणारा शेवटी.

फेब्रुवारीत मुलगा आला. घराचं बोलणं झालंच. टळत नाही ते. मुलाचंही काही चुकत नव्हतं. एकटी आई, जुनं घर, रात्री-अपरात्री फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो. दोन दिवस माजघरात आवाज चढत-उतरत होते. शेवटी इतकंच ठरलं की पावसाळ्याचे चार महिने काकू पुण्याला राहतील आणि दलालाला या वर्षी थांबायला सांगायचं. पुढचं पुढे. मुलाला हे फारसं पटलं नाही, हे त्याच्या चहाच्या कपावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, महाशिवरात्रीनंतरचा. मंडळींचा बेत लमेटाघाटचा. मुलगा म्हणाला, “तुम्ही जाऊन या. मी घर बघतो.”

“घर कुठे जात नाही,” काकू म्हणाल्या आणि स्टोव्हची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

लमेटाघाटच्या वाटेवर अर्ध्या तासात त्याला धाप लागली. पुण्यात लिफ्ट, ऑफिसात लिफ्ट. सरांनी नियम सांगितला. तो नको नको म्हणत असताना सगळ्यांनी मिळून त्याला ओळीच्या पुढे नेऊन उभं केलं. अगदी मागून, बारा माणसांच्या पलीकडून, आवाज आला, “सरळ चाल रे. चुकलास तर सांगते.”